पेंड, बुरशी आणि दूध : पशुखाद्यातील अफ्लाटॉक्सिनच्या नियंत्रणाचा इतिहास

प्रास्ताविक :

शेतमालाची प्रतवारी माणसाने स्वतःच्या सोयीने केलेली आहे. सुगीच्या दिवसांत पाऊस आला, ज्वारीची कणसे काळी पडली, भुईमुगाच्या शेंगा जमिनीतच भिजल्या, म्हणजे त्यातला चांगला माल घरात किंवा बाजारात जातो आणि डागी, कुबट वासाचा, बुरशी धरलेला माल गव्हाणीत जातो. 'जनावरांना चालेल' या दोन शब्दांत या वाटणीचे सारे शास्त्र सामावलेले आहे. त्यामागे काटकसर आहे, अन्न वाया जाऊ न देण्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा संस्कारही आहे. तेव्हा या वाटणीला केवळ अज्ञान म्हणून बाजूला सारणे योग्य ठरणार नाही. परंतु विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात असे दिसून आले की, जे जनावरांना चालेल असे मानले गेले ते त्यांना चालत नव्हते, आणि त्यातील काही भाग दुधाच्या वाटेने माणसाच्या घरात परत येत होता.

प्रस्तुत लेखात पशुखाद्यातील बुरशीजन्य विषांचा, त्यातही अफ्लाटॉक्सिन या विषाचा शोध कसा लागला आणि त्याच्या नियंत्रणाची व्यवस्था कोणत्या क्रमाने उभी राहिली याचा मागोवा घेतला आहे. या विषाचे ज्ञान जनावरांच्या मृत्यूमधून मिळाले. नियंत्रण मात्र खरेदीदाराच्या दारात उभे राहिले. त्यामुळे एका दारातून नाकारलेला माल पुनःपुन्हा गव्हाणीकडेच वळत राहिला, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन होय.

अफ्लाटॉक्सिनपूर्व काळ :

बुरशी लागलेल्या चाऱ्याने जनावरे दगावतात, हे निरीक्षण नवे नाही. त्याचे कारण शोधण्याचा एक महत्त्वाचा शास्त्रीय प्रयत्न १९२० नंतरचा आहे. उत्तर अमेरिकेच्या गवताळ प्रदेशात त्या काळी स्वीट क्लोव्हर नावाचे द्विदल चारापीक मोठ्या प्रमाणावर घेतले जाऊ लागले होते. ओल्या वर्षी हा चारा गंजीतच बुरशी धरी, आणि तो खाल्लेल्या गाईगुरांना किरकोळ जखम झाली तरी रक्त थांबत नसे. शिंगे कापल्यावर किंवा खच्ची केल्यावर निरोगी दिसणारी जनावरे रक्तस्रावाने मरत. कॅनडातील पशुवैद्यक फ्रँक स्कोफिल्ड यांनी एकाच गंजीतील चांगल्या व खराब काड्या वेगळ्या केल्या आणि त्या दोन सशांना स्वतंत्रपणे खाऊ घातल्या. खराब काड्या खाणारा ससा रक्तस्रावाने मेला, दुसरा जगला. १९२० च्या दशकाच्या पूर्वार्धातील हा प्रयोग साधेपणाच्या दृष्टीने आजही नमुनेदार वाटतो.

त्यानंतरची घटना १९३३ च्या हिवाळ्यातील आहे. विस्कॉन्सिन राज्यातील एक शेतकरी हिमवादळातून वाट काढत रसायनशास्त्रज्ञ कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेत आला. त्याने सोबत मेलेली कालवड, न गोठणाऱ्या रक्ताने भरलेली दुधाची बरणी आणि खराब चाऱ्याचा मोठा भारा आणला होता. त्याला देण्याजोगा सल्ला एकच होता : हा चारा घालू नका. पण मंदीच्या त्या काळात दुसरा चारा विकत घेण्याची ऐपत बहुतेक शेतकऱ्यांकडे नव्हती. पुढे लिंक यांच्या प्रयोगशाळेत या चाऱ्यातील डायक्युमॅरॉल हे द्रव्य वेगळे करण्यात आले आणि त्याच संशोधनातून १९४८ मध्ये वॉरफॅरिन हे उंदीरनाशक व नंतर रक्त पातळ करणारे औषध मिळाले. माणसाच्या औषधशास्त्राचा असा मोठा लाभ झाला. शेतकऱ्याने काय घालावे, या प्रश्नाचे उत्तर मात्र त्या हिवाळ्यात कोणाकडेच नव्हते. या इतिहासात तो प्रश्न पुढेही अनेकदा भेटतो.

भारतीय उपखंडातही याच प्रकारचा एक रोग नोंदलेला आहे. पंजाबमधील देग नाल्याच्या परिसरात म्हशींच्या शेपट्या, कान व पायांचे खूर झडू लागत. त्या नाल्यावरून या रोगास 'देगनाला' हे नाव पडले. १९३९ मध्ये शिरलॉ यांनी त्याचे शवविच्छेदनात्मक वर्णन प्रसिद्ध केले. हा रोग हिवाळ्यात, भाताचा पेंढा हाच मुख्य चारा असलेल्या भागांत उद्भवतो. पुढील दशकांत पंजाब-हरियाणातील संशोधकांनी त्याचा संबंध ओलसर पेंढ्यावर वाढणाऱ्या फ्युझेरियम जातीच्या बुरशीशी जोडला.

या सर्व नोंदी परस्परांपासून सुट्या राहिल्या. कॅनडातील गंजी, पंजाबातील पेंढा आणि अन्यत्र घोड्यामेंढ्यांत आढळलेले असेच रोग एका सूत्रात ओवावेत, अशी गरज कोणाला भासली नव्हती. ती भासली इंग्लंडमध्ये, टर्की पक्ष्यांच्या मृत्यूमुळे.

टर्की 'एक्स' रोग, १९६० :

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये तेलाचा व चरबीचा मोठा तुटवडा होता. तो दूर करण्यासाठी तेथील सरकारने १९४७ मध्ये टांगानिकात भुईमुगाच्या लागवडीची प्रचंड योजना हाती घेतली आणि कोट्यवधी पौंड खर्चून १९५१ मध्ये ती गुंडाळली. योजना फसली तरी शेंगदाण्याची गरज संपली नव्हती. तेल काढून उरणारी पेंड हे प्रथिनांचे स्वस्त साधन होते, आणि युद्धोत्तर काळात वाढीस लागलेल्या कुक्कुटपालनाला ते हवे होते. निरनिराळ्या देशांतून पेंड आयात होऊ लागली, ती गिरण्यांमध्ये इतर धान्याबरोबर दळली जाऊ लागली आणि गोळ्यांच्या रूपाने शेकडो फार्मांवर पोहोचू लागली. खाद्य आता शेतावर तयार होत नव्हते. त्यातील दोषही एका शेतापुरता राहणार नव्हता.

१९६० च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या दक्षिण व पूर्व भागांत टर्कीची पिल्ले अचानक मरू लागली. पिल्ले खाणे सोडत, सुस्त होत, पंख ढिले पडत आणि आठवडाभरात मान मागे वाकवून, पाय ताणून मरत. काही महिन्यांतच एक लाखाहून अधिक पिल्ले दगावली. बदकांची व फेझंट पक्ष्यांची पिल्लेही त्यातून सुटली नाहीत. यकृतात रक्तस्राव व पेशीनाश दिसे. जंतू किंवा विषाणू मात्र सापडत नव्हता. कारण अज्ञात म्हणून रोगाला 'एक्स' हे अक्षर देण्यात आले. ब्लाउंट यांनी १९६१ मध्ये या साथीचा वृत्तांत प्रसिद्ध केला.

साथीचा नकाशा मांडल्यावर एक गोष्ट स्पष्ट झाली. रोगी कळप प्रामुख्याने लंडनच्या भोवतालच्या प्रदेशात एकवटलेले होते, आणि त्यांना खाद्य पुरविणारी गिरणी एकच होती. चेशर भागात वेगळा उद्रेक झाला. तेथील खाद्य दुसऱ्या गिरणीचे होते. या दोन्ही गिरण्यांत समान घटक निघाला तो ब्राझीलमधून आलेली शेंगदाण्याची पेंड. एवढ्यावर प्रश्न सुटला असता तर तो एका देशाच्या, एका जहाजाच्या मालाचा प्रश्न ठरला असता, आणि तो माल फेकून देऊन सारे मोकळे झाले असते. पण त्याच सुमारास केनियात बदकांची पिल्ले मेली. त्यांच्या खाद्यात पूर्व आफ्रिकेतीलच शेंगदाण्याची पेंड होती. म्हणजे दोष ब्राझीलचा नव्हता.

पेंडीत जिवंत बुरशी सापडत नव्हती, हे शोधातील मोठे अडथळ्याचे कारण होते. तेल काढण्याच्या प्रक्रियेतील उष्णतेने बुरशी मरते, विष मात्र टिकून राहते. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे बुरशीचे मृत तंतू एवढाच पुरावा शिल्लक होता. अखेर युगांडातील अत्यंत विषारी शेंगदाण्याच्या नमुन्यातून ॲस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी जिवंत मिळाली. ती वाढवून तिच्यातून तेच विष मिळविण्यात आले. सार्जंट व त्यांच्या सहकाऱ्यांचा यासंबंधीचा निबंध १९६१ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आला. ॲस्परजिलसमधील 'अ' आणि फ्लेव्हसमधील 'फ्ला' घेऊन विषाचे नाव अफ्लाटॉक्सिन असे झाले. अतिनील प्रकाशात त्यातील काही घटक निळे तर काही हिरवे चमकतात, म्हणून त्यांना इंग्रजीतील निळ्या व हिरव्या या शब्दांची आद्याक्षरे मिळाली : बी आणि जी. त्यांत बी-१ हा सर्वांत घातक होय. त्याची तीव्रता लक्षात यावी म्हणून एवढेच सांगणे पुरे आहे की, पन्नास ग्रॅम वजनाच्या एक दिवसाच्या बदकाच्या पिल्लांपैकी निम्मी पिल्ले मारण्यास प्रत्येकी सुमारे १८ मायक्रोग्रॅम बी-१ पुरते. रासायनिक तपासणी विकसित होण्यापूर्वी ही पिल्लेच प्रयोगशाळेतील तराजू होती.

त्याच वर्षी लँकॅस्टर व सहकाऱ्यांनी विषारी पेंड सहा महिने खाऊ घातलेल्या उंदरांत यकृताच्या गाठी आढळल्याचे नोंदविले. अमेरिकेतील मत्स्यबीज केंद्रांत ट्राउट माशांना यकृताचा कर्करोग होत असल्याचे १९६० मध्येच लक्षात आले होते. त्यांच्या खाद्यात सरकीची पेंड होती. प्रश्न केवळ शेंगदाण्याचा नाही आणि केवळ तत्काळ मृत्यूचाही नाही, हे यावरून उघड झाले. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने अफ्लाटॉक्सिनचा मानवी कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात समावेश १९८७ मध्ये केला.

विषाची परतीची वाट :

टर्कीच्या मृत्यूइतका गाजला नाही असा एक शोध १९६२-६३ मध्ये लागला, आणि भारतासारख्या दूधप्रधान देशाच्या दृष्टीने तोच अधिक महत्त्वाचा मानला पाहिजे. ऑलक्रॉफ्ट व कार्नॅगन यांनी विषारी पेंड खाणाऱ्या गाईंचे दूध बदकांच्या पिल्लांना दिले. पिल्लांच्या यकृतात तेच बदल दिसले. गाय आजारी दिसत नव्हती. दुधाचा रंग, वास, चव यांत कोणताही फरक नव्हता. दुधात उतरणाऱ्या या रूपाला इंग्रजीतील दुधाच्या आद्याक्षरावरून एम-१ असे नाव मिळाले.

गाय किंवा म्हैस हे विष पुष्कळ अंशी पचविते. खाद्यातील बी-१ पैकी सर्वसाधारणपणे एक ते दोन टक्के भाग दुधात एम-१ च्या रूपाने येतो. भरपूर दूध देणाऱ्या गाईंत हे प्रमाण सहा टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. हा भाग अल्प वाटतो, म्हणून हिशेब मांडून पाहणे इष्ट ठरेल. किलोमागे १०० मायक्रोग्रॅम बी-१ असलेले पाच किलो अंबोण गाईने दिवसात खाल्ले तर तिच्या पोटात ५०० मायक्रोग्रॅम विष जाते. त्यातील दीड टक्का म्हणजे साडेसात मायक्रोग्रॅम. गाय दहा लिटर दूध देत असेल तर लिटरमागे ०.७५ मायक्रोग्रॅम. भारतातील मर्यादा किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅमची आहे. युरोपीय संघाची ०.०५ ची. विष खाल्ल्यापासून १२ ते २४ तासांत ते दुधात दिसू लागते आणि चांगले खाद्य सुरू केल्यावर तीन-चार दिवसांत दूध पुन्हा निर्दोष होते. उकळल्याने किंवा पाश्चरीकरणाने ते जात नाही. यकृताची झीज, वासरांची खुरटलेली वाढ, कमी झालेली प्रतिकारशक्ती यांचा हिशेब वेगळाच. तो गोपालकाच्या वहीत सहसा 'गाय आटली' एवढ्याच शब्दांत येतो.

भारतातील अनुभव :

अफ्लाटॉक्सिनचा शोध लागला त्या दशकात भारतात दोन स्वतंत्र प्रवाह सुरू होते. शेंगदाण्याचे पीठ हे कुपोषणावरील स्वस्त औषध म्हणून पाहिले जात होते. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने शेंगदाण्याचे व हरभऱ्याचे पीठ एकत्र करून 'बहुउद्देशीय अन्न' तयार केले होते. दुसरीकडे दुग्धविकासाची चळवळ आकार घेत होती. ३१ ऑक्टोबर १९६४ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री आणंदजवळील कंजरी येथे पशुखाद्य कारखान्याच्या उद्घाटनासाठी आले आणि त्या भेटीतून १९६५ मध्ये राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाची स्थापना झाली, ही हकिकत सर्वश्रुत आहे. मात्र श्वेतक्रांतीच्या इतिहासात त्या भेटीचे निमित्त असलेला पशुखाद्याचा कारखाना सहसा तळटिपेत राहतो. गाई-म्हशींचे दूध वाढवायचे तर पेंड हवी, आणि पेंड म्हणजे भुईमूग, सरकी. म्हणजे मुलांचे पीठ आणि गाईचे अंबोण दोन्ही एकाच शेंगेवर अवलंबून होते.

या शेंगेतील विषाची दखल भारतीय संशोधकांनी लवकर घेतली. हैदराबादच्या प्रयोगशाळेतील तुळपुळे, माधवन व गोपालन यांचा माकडांच्या पिल्लांवरील परिणामांविषयीचा निबंध १९६४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. म्हैसूरमध्ये श्रीनिवासमूर्ती, पारपिया व सहकाऱ्यांनी हायड्रोजन पेरॉक्साइडच्या साहाय्याने पिठातील विष नष्ट करण्याची पद्धत १९६७ मध्ये मांडली. तरीही दुर्दैव टळले नाही. कुपोषित मुलांना दिलेल्या शेंगदाण्याच्या पिठात अफ्लाटॉक्सिन असल्याचे मागाहून लक्षात आले, आणि त्यांपैकी काही मुलांच्या यकृताला झालेल्या विकाराचा निबंध १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांना सल्ला देणाऱ्या प्रथिनविषयक गटाने १९६६ मध्ये शेंगदाण्याच्या पिठासाठी किलोमागे ३० मायक्रोग्रॅमची मर्यादा सुचविली होती. ती निर्धोक म्हणून ठरविलेली नव्हती. उपासमार आणि विष या दोहोंत केलेली ती तडजोड होती. भारताच्या अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांतही हाच ३० चा आकडा दीर्घकाळ राहिला.

पोल्ट्रीतील उद्रेक याच काळात सुरू झाले. १९६६ मध्ये म्हैसूर येथे दूषित पेंडीने कोंबडीची पिल्ले दगावली. १९८२ मध्ये आंध्र प्रदेशातील चित्तूर जिल्ह्यात ब्रॉयलर कोंबड्या मोठ्या संख्येने मेल्या. पण देशाचे लक्ष वेधले ते १९७४ च्या अखेरीस घडलेल्या घटनेने. राजस्थानातील बांसवाडा व गुजरातमधील पंचमहाल या लगतच्या आदिवासी जिल्ह्यांत अवकाळी पावसाने मका भिजला आणि तसाच साठविला गेला. दोनशेहून अधिक गावांत कावीळ व जलोदराची साथ आली. कृष्णमाचारी, भट व सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात ३९७ रुग्ण व १०६ मृत्यूंची नोंद आहे. मक्याच्या नमुन्यांत किलोमागे ६ ते १५ मिलिग्रॅम विष आढळले. त्याच घरांतील उष्टेखरकटे खाणारी कुत्रीही पोट फुगून मेली. या ठिकाणी 'डागी ते जनावरांना' ही वाटणीच उरलेली नव्हती, कारण घरात दुसरे धान्य नव्हते.

दख्खनच्या पठारावरील १९९५ चा उद्रेक या तुलनेत सौम्य म्हणावा लागेल. काढणीच्या वेळी पावसात सापडलेली ज्वारी व मका खाऊन कर्नाटक-आंध्रच्या काही गावांत पोटदुखी व अतिसाराची साथ आली. या वेळी विष वेगळे होते : फ्युझेरियम बुरशीपासून होणारे फ्युमोनिसिन. अंडी देणाऱ्या कोंबड्यांमधील याच विषाच्या साथीचा निबंधही १९९७ मध्ये भारतातूनच प्रसिद्ध झाला. महाराष्ट्राच्या संदर्भात हा उद्रेक विशेष विचार करण्याजोगा आहे. १९६४ मध्ये सीएसएच-१ हे संकरित वाण आल्यापासून खरीप ज्वारी लवकर, म्हणजे पाऊस पूर्ण ओसरण्यापूर्वीच भरू लागली. उत्पन्न वाढले आणि त्याबरोबर काळ्या ज्वारीचे प्रमाणही वाढले. भाकरीला न चालणारी ही ज्वारी स्वस्तात विकली जाते आणि तिचा मोठा भाग पशुखाद्यात व कोंबडीखाद्यात जातो. त्या दाण्यात कोणती बुरशी आहे, हे विकणारा विचारीत नाही आणि घेणाराही विचारीत नाही. दोघेही रंग पाहून भाव ठरवितात.

प्रतवारीचा पेच :

नियंत्रणाचे उपाय कोणते, याविषयी शास्त्रज्ञांत फारसा मतभेद नाही. माल काढणीनंतर ताबडतोब वाळवावा; शेंगदाण्यातील ओलावा सात-आठ टक्क्यांवर आणि मक्यातील तेरा-चौदा टक्क्यांच्या खाली आणावा; साठवण जमिनीपासून उंच व कोरडी असावी; किडके, फुटके, सुरकुतलेले दाणे निवडून काढावेत. शेवटचा उपाय सर्वांत परिणामकारक आहे, कारण विष सर्व दाण्यांत सारखे पसरलेले नसते. हजारो दाण्यांत मोजकेच दाणे अतिविषारी असतात. ते गेले की उरलेला माल शुद्ध होतो.

पण निवडून काढलेले दाणे कोठे जातात? नेमका येथेच या व्यवस्थेचा पेच आहे. सामान्यतः ते तेलगिरणीत जातात. तेलात हे विष फार थोडे उतरते आणि शुद्धीकरणात तेही निघून जाते. म्हणून तेलाच्या ग्राहकाला धोका उरत नाही. सारे विष पेंडीत राहते. तेल निघून गेल्यामुळे पेंडीत ते अधिकच घट्ट होते. खाण्याच्या शेंगदाण्याची निवड जितकी काटेकोर, तितकी उरलेल्या मालाची पेंड वाईट, असा हा उलटा हिशेब आहे. अमेरिकेने १९६० च्या दशकातच बुरशी दिसणारा शेंगदाणा वेगळा काढून केवळ गाळपासाठी वापरण्याची पद्धत सुरू केली. पण तेथे पेंडीच्या पुढील वापरावरही बंधने आहेत. हे दुसरे पाऊल उचलले नाही तर पहिल्या पावलाचा भार गव्हाणीवर पडतो.

युरोपीय आर्थिक समुदायाने डिसेंबर १९७३ मध्ये पशुखाद्यातील अफ्लाटॉक्सिनची मर्यादा ठरविणारा निर्देश काढला. पुढे दुभत्या जनावरांच्या मिश्र खाद्यासाठी ती किलोमागे अवघ्या ५ मायक्रोग्रॅमवर आणली गेली. भारतातून युरोपात जाणाऱ्या शेंगदाणा पेंडीचा बाजार या मर्यादांमुळे आक्रसत गेला. युरोपच्या गाईचे संरक्षण झाले हे योग्यच. मात्र तिकडे न गेलेली पेंड नष्ट झाली नाही. शेंगदाण्याच्या निर्यातीसाठी अपेडाने माल शेतापासून बंदरापर्यंत ओळखता येईल अशी संगणकीय व्यवस्था उभारली, प्रयोगशाळेच्या दाखल्याखेरीज माल युरोपकडे रवाना होत नाही. देशांतर्गत मिश्र पशुखाद्यासाठी मात्र भारतीय मानक ब्युरोचे आयएस २०५२ हे मानक दीर्घकाळ ऐच्छिक स्वरूपाचे राहिले. २००९ च्या सुधारित आवृत्तीत त्यात बी-१ ची मर्यादा किलोमागे २० मायक्रोग्रॅम अशी होती. दाखला लागतो तेथे निवडलेला माल जातो, लागत नाही तेथे निवडून उरलेला जातो. बाजाराला यासाठी कोणी दुष्ट हेतूची माणसे लागत नाहीत.

दूषित पेंड वापरण्याजोगी करण्याचे प्रयत्नही झाले. अमोनियाच्या वाफेखाली ठेवल्यास विषाचा बहुतांश भाग नष्ट होतो. शेंगदाणा व सरकीच्या पेंडीसाठी ही पद्धत सेनेगल, फ्रान्स व अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात वापरली गेली. तिला मोठा कारखाना आणि भांडवल लागते. याउलट १९८० च्या दशकाच्या अखेरीस टेक्सासमधील फिलिप्स व सहकाऱ्यांनी दाखविलेला मार्ग स्वस्त होता. विशिष्ट चिकणमाती खाद्यात अल्प प्रमाणात मिसळली तर ती आतड्यात अफ्लाटॉक्सिनला धरून ठेवते आणि ते शेणावाटे बाहेर पडते. युरोपीय संघाने २०१३ मध्ये बेंटोनाइटला या कामासाठी मान्यता दिली. भारतातील पोल्ट्रीत 'टॉक्सिन बाइंडर' हा शब्द आज रोजच्या व्यवहारातला झाला आहे. ही माती अफ्लाटॉक्सिन चांगले धरते, परंतु फ्युझेरियमची विषे तिच्या हाती फारशी लागत नाहीत. शिवाय बाइंडरची पिशवी हाताशी आहे म्हणून स्वस्त, डागी मका घेण्याचा मोह वाढतो, ही बाब दुर्लक्षिण्याजोगी नाही.

मर्यादेचे राजकारण :

खाद्य बदलणे कठीण झाले की आकडा बदलण्याकडे कल होतो, याचे ठळक उदाहरण सर्बियाचे आहे. २०१२ च्या दुष्काळात तेथील मक्यात अफ्लाटॉक्सिन मोठ्या प्रमाणात वाढले. २०१३ च्या आरंभी दुधात एम-१ आढळू लागले आणि ग्राहकांत घबराट पसरली. सरकारने दुधाची मर्यादा ०.०५ वरून ०.५ मायक्रोग्रॅमवर नेली. एका आदेशाने कालचे अयोग्य दूध आज योग्य ठरले. त्याच वर्षी जर्मनीतही आयात मका हजारो फार्मांवर पोहोचल्याचे उघडकीस आले. म्हणजे ही समस्या केवळ उष्ण व गरीब देशांची आहे, हा समजही टिकत नाही.

भारतात अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने मे ते ऑक्टोबर २०१८ या काळात दुधाचे राष्ट्रीय सर्वेक्षण केले. १,१०३ शहरे व गावांतून घेतलेल्या ६,४३२ नमुन्यांपैकी ३६८ नमुन्यांत, म्हणजे ५.७ टक्क्यांत एम-१ मर्यादेपेक्षा अधिक निघाले. दुधात पाणी, युरिया, साबण किती, या प्रश्नाभोवती दशकानुदशके फिरणाऱ्या चर्चेत हा निष्कर्ष अनपेक्षित होता. भेसळीत निदान भेसळ करणारा कोणी असतो. येथे तसा कोणी सापडत नाही. आणखी एक बाब अशी की, कच्च्या दुधापेक्षा प्रक्रिया केलेल्या दुधात हे प्रमाण अधिक होते.

दूध संकलन केंद्रावर गोपालक बरणी घेऊन येतो तेव्हा यंत्र काही क्षणांत फॅट व एसएनएफ सांगते आणि त्यावरून त्याचा दर ठरतो. एम-१ चा कोणताही परिणाम या दोन आकड्यांवर होत नाही. त्याची तपासणी झाली तर ती बहुधा पुढे, शेकडो गोठ्यांचे दूध एकत्र झाल्यावर टँकरच्या टप्प्यावर होते. टँकर नाकारला गेला तरी कोणत्या गोठ्यातील कोणत्या पोत्यातून ते आले हे सांगता येत नाही. दोन गाई पाळणाऱ्या भूमिहीन कुटुंबाने पेंड उधारीवर घेतलेली असते, ती दुकानदार देईल तीच असते, आणि तिची किंमत दुधाच्या हप्त्यातून वळती होते. पोत्यावर वजन आणि प्रथिनांचे प्रमाण छापलेले असते. पोते उघडल्यावर कुबट वास आला तर उन्हात पसरून ठेवण्यापलीकडे त्या कुटुंबाच्या हातात काही नसते. उन्हाने वास जातो.